देवउठनीच्या आधीच्या बॅटऱ्या

आषाढात देव झोपतात आणि कार्तिकात उठतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या चार महिन्यांत बॅटऱ्यांचं काय होतं, हे मात्र फक्त आमच्या घराला ठाऊक होतं. देव झोपले की लग्नं बंद. लग्नं बंद झाली की खेड्यापाड्यांतले लाऊडस्पीकरवाले आपलं सामान माळ्यावर टाकून शेतीकडे वळायचे. तेव्हा कित्येक गावांत वीज नव्हती, असली तरी लग्नाच्या दिवशी हटकून जायची, म्हणून गाणी वाजायची ती बॅटरीवर. मोसमातल्या शेवटच्या लग्नात वाजवून वाजवून रिकामी झालेली बॅटरी तशीच गोणपाटाखाली जायची. काम नाही तर खायला कशाला घालायचं, असा साधा हिशेब. मग देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, जवळ आली की सगळ्यांना एकदम जाग यायची, आणि जबलपूरला अधारतालच्या मेन रोडवरच्या आमच्या दुकानापुढे सायकली, बैलगाड्या, टेम्पो येऊन लागायचे. प्रत्येकावर एक काळी, जड, मुकी बॅटरी. "भैया, रखी थी तब तो बढ़िया चल रही थी," असं प्रत्येकजण नव्यानं सांगायचा, आणि बाबा प्रत्येकाचं नव्यानं ऐकून घ्यायचे. रिकामी बॅटरी झोपत नाही, ती आतून कुजते, हे त्या लोकांना कोणी पटवून देऊ शकलं नाही. आज माझ्याकडे येणाऱ्या ई-रिक्षावाल्यांनाही मी ते पटवू शकलेले नाही, तेव्हा बाबांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुकान पुढे आणि घर मागे. मधे एकच दार, तेही पावसाळ्यात फुगून न लागणारं. त्यामुळे दुकानातलं सगळं घरात यायचं: चार्जरची घरघर, भरत आलेल्या बॅटऱ्यांची बारीक चुळबुळ आणि घशात खवखवणारा अ‍ॅसिडचा वास. आई पोळ्या लाटता लाटता नुसत्या आवाजावरून सांगायची, "अहो, आवाज बदलला, पाहा बरं," आणि खरोखरच कुठलातरी चिमटा निसटलेला असायचा. अ‍ॅसिडला सुती कापड फार प्रिय. थेंब उडतो तेव्हा काहीच दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं. म्हणून दुकानात टेरिलीन आणि घरात सुती, असं आमच्याकडचं सोवळं-ओवळं होतं आणि आई ते देवघराच्या सोवळ्याहून कडक पाळायची. खायच्या सोड्याचे दोन डबे असत, एक भज्यांचा आणि एक अ‍ॅसिड सांडलं तर वर टाकायचा. इकडचा चमचा तिकडे गेला की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. बॅटऱ्यांत भरायच्या डिस्टिल पाण्याचे कॅन माठाशेजारी असत. अमरावतीच्या मावशीनं एकदा त्यातलं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाली, "तुमच्या जबलपूरच्या पाण्याले काही चवच नाही बाप्पा." बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ताई, आता सहा महिने काळजी नाही." मावशीला तो आशीर्वाद वाटला. ती खुशीत नागपूरमार्गे परत गेली.

ग्यारशीच्या आधीचे ते दिवस म्हणजे आमची खरी दिवाळी. घरातली दिवाळी होऊन गेलेली असायची, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरलेला असायचा, पण गडबड आता सुरू व्हायची. आई सकाळीच मोठ्या पातेल्यात डाळीचे गोळे घालून गोळाभात टाकून ठेवायची, वरून कडकडीत फोडणीचं तेल, म्हणजे ज्याला सवड मिळेल त्यानं येऊन चार घास खावेत. रविवारी बाबा कमानिया गेटकडून खोव्याची जिलबी आणायचे. काळपट, जाडजूड आणि पाकानं निथळणारी ती जिलबी पुण्याकडच्या आमच्या पाहुण्यांना कधी जिलबी वाटलीच नाही. ती आमच्या जबलपूरची आहे, त्यांना काय कळणार.

बॅटरी तपासायची बाबांची एक रीत होती. त्या काळच्या बॅटरीला वर सहा बुचं असत, सहा घरांची सहा. बाबा आधी बुचं उघडून टॉर्चनं आत बघत. पत्र्यांवर पांढरी साय धरली असेल तर ओठ आवळत. मग काचेची नळी घेत. तिला वर रबरी फुगा, आत एक तरंगणारी काचेची कांडी. फुगा दाबून प्रत्येक घरातलं अ‍ॅसिड थोडंसं वर ओढायचं आणि कांडी किती तरंगते ते पाहायचं. चार्ज भरलेला असेल तर अ‍ॅसिड दाट असतं आणि कांडी वर येते. बॅटरी रिकामी असेल तर अ‍ॅसिड पाण्यासारखं पातळ होतं आणि कांडी तळाला बसते. सहाही घरांची कांडी पाहून झाली की बाबा एकदाच बोलत, घेतो किंवा नाही घेत. त्यावर कोणी हुज्जत घालत नसे. मी शाळेत असल्यापासून ती नळी धरत आले होते, आकडे ओरडून सांगत आले होते. कॉलेजात गेले तशी चिमटे लावू लागले, पाणी भरू लागले. पण घ्यायची की नाही, हे सांगायचा मान बाबांचा. मला तो हवा होता. लपवत नाही, फार हवा होता. माझ्या मैत्रिणींना त्या वयात काय काय हवं होतं, आणि मला हे!

त्या वर्षी ग्यारशीच्या तोंडावरच बाबा स्कूटरवरून घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लास्टर, हात गळ्यात. बॅटरी उचलणं सोडा, नळीचा फुगासुद्धा दाबता येईना. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कारखान्यात नोकरीला होता. रविवारखेरीज तो हाताला लागायचा नाही. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "बाबा, यंदाची ग्यारस सोडून द्या. दुकान बंद ठेवू. पुढचं पुढे पाहू."

बाबा डाव्या हातानं भात कालवत राहिले. डाव्या हातानं जेवायची त्यांना लाज वाटायची, म्हणून मान खाली होती.

"काहून बंद?" मी म्हणाले. "मी आहे ना."

"तू? पन्नास खेड्यांचे लोक येतात, कुंदा. पोरीच्या हातात बॅटरी ठेवतील का ते?"

"ठेवणार नाहीत तर नेतील परत. बंद दुकानापुढूनही परतच जाणार आहेत."

बाबांनी मान वर केली आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तिचे सगळे ड्रेस तसेही भोकंभोकं झाले आहेत. आता मागे काय घ्यायचं?" अशा रीतीनं, ठराव वगैरे न होता, दुकान उघडं राहिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "एकही बॅटरी ऐन लग्नात बसली ना, तर नाव माझं जाईल. आणि मग पुढच्या वर्षी उघडायला दुकान राहणार नाही. समजून घे." मी समजून घेतलं.

पहिलेच आले ते सिहोऱ्याचे रामसेवकजी. लाऊडस्पीकरच्या धंद्यातलं मोठं नाव, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे तीन सेट होते आणि ग्यारशीला तीन गावांत तीन लग्नं घेतलेली. टेम्पोतून सहा बॅटऱ्या उतरवल्या. त्यांनी बाबांचा गळ्यातला हात पाहिला, मग मला पाहिलं, आणि पुन्हा बाबांना पाहिलं.

"भैया, हाथ तो आपका ही चाहिए."

"हाथ इसका, नज़र मेरी," बाबा म्हणाले. "मैं यहीं बैठा हूँ."

मी बुचं उघडली. सहाही बॅटऱ्यांत पांढरी साय. नळी लावली तर कांडी प्रत्येक घरात तळाला. रामसेवकजींनी टेम्पोतून एक बाटली काढली आणि उदार होऊन म्हणाले, "बिटिया, थोड़ा तेज़ाब डाल दो ऊपर से, काँटा उठ जाएगा." कांडी उठली असती हे खरंच. अ‍ॅसिड ओतलं की नळीला वाटतं बॅटरी भरली. पण ते म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला पावडर लावून फोटोला बसवण्यासारखं. मी बाटली त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "चाचाजी, यह तो घर जाकर संडास में डालिए, वहाँ काम आएगा." बाबांना खोकला आला. खोकल्याआड ते हसले, मी पाहिलं.

आमच्याकडे बॅटऱ्या एकापाठोपाठ एक जोडून चार्जरला लावत, तिला लाईन म्हणत. मी त्यातली एक बॅटरी लाईनमध्ये घातली. थोड्या वेळानं हात लावला तर अंग तापलेलं, वरच्या वर बुडबुडे, आणि कांडी जागची हललेली नाही. वीज आत जातच नव्हती, वरच्या वर उकळून निघत होती. मी ती काढली आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. आईनं माझं तोंड पाहिलं.

"काय झालं?"

"घेत नाही गं. देऊन राहिले तर उलटी करून राहिली."

"चार महिन्यांची उपाशी आहे ना? हरितालिकेचा निर्जळी उपास सोडताना मी काय पुरणपोळी खाते का? आधी घोटभर पाणी, मग जरासं ताक. तू तिच्यापुढे ताट वाढून ठेवलं, तर ती काय करेल?"

आई बॅटरीच्या जवळपाससुद्धा फिरकायची नाही. पण उपास सोडण्याबाबत तिचा शब्द शेवटचा. मी बाहेर आले आणि विचार करत बसले की घोटभर कसं द्यायचं. आमचा चार्जर जुना, त्याचा खटका सगळ्यात खाली ओढला तरी वीज जास्तच. मग आठवलं, बल्ब मधे घातला तर तो वीज अडवून धरतो. ट्रकच्या हेडलाईटचा एक बल्ब शोधला, चार्जर आणि बॅटरी यांच्या मधे जोडला आणि बटण दाबलं. बल्बची तार काळीच राहिली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच थांब म्हटलं. दुपार उलटून गेली. बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते, मी दुसऱ्या बॅटऱ्यांना पाणी भरत होते, आणि सहज मान वळवली तर तार लाल झालेली. अगदी मंद, उदबत्तीच्या टोकाएवढी. म्हणजे बॅटरीनं पहिला घोट घेतला होता. मी इतक्या जोरात "बाबा!" म्हणून ओरडले की ते दचकून उठले आणि प्लास्टर टेबलावर आपटलं.

मग सहाही तशाच लावल्या, प्रत्येकीला आपला बल्ब. दिवसच्या दिवस हे चाललं. मंद असलेली तार हळूहळू उजळायची, म्हणजे पत्र्यावरची साय विरघळतेय आणि बॅटरी मोकळी होऊन खातेय. पोट भरत आलं की तार पुन्हा मंदावायची. रोज सकाळ-संध्याकाळ मी नळी लावायची आणि कांडी रेघ-रेघ वर येताना पाहायची. कॉलेजला दांडी. आईनं आणलेला गोळाभात तिथेच स्टुलावर बसून खायचा. इतर गिऱ्हाइकंही येत होती, बाबांशी बोलत होती आणि माझ्या हातात बॅटऱ्या ठेवत नव्हती, बाबांपुढे ठेवत होती. मी त्या तिथून उचलून आणत होते. राग यायचा. पण त्या सहा बल्बांकडे पाहिलं की विसरायला व्हायचं. आता दादाच्या मुलाच्या मोबाईलवर बॅटरीचे टक्के दिसतात, आणि लिथियमची बॅटरी फार उतरली की स्वतःच दार लावून घेते. तिलाही आधी थेंब-थेंब पाजूनच उठवावं लागतं. भाच्याला मी सांगितलं की यात नवीन काही नाही, तुझ्या आजीची पद्धत आहे ही. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

ग्यारशीच्या आदल्या रविवारी रामसेवकजी न्यायला आले. दादाही घरीच होता. मी पाच बॅटऱ्या पुढे केल्या आणि सहावी मागे ठेवली.

"यह वाली नहीं दूँगी."

दादानं मीटर लावलं. काटा बाराच्या पुढे. "कुंदा, भरली आहे ती. काहून अडवून राहिली?"

"आत्ता चार्जरवरून उतरवली आहे, म्हणून दाखवते. पायऱ्या चढून आलेल्या माणसाचे गालही लाल दिसतात. तिसरं घर पाहा." मी नळी लावून दाखवली. पाच घरांत कांडी वर, तिसऱ्यात अर्ध्यावर अडकलेली. दोन दिवस ती तिथून हलली नव्हती.

रामसेवकजी चिडले. "अरे, काँटा बारह से ऊपर दिखा रहा है! तीन शादियाँ हैं मेरी, तीन! एक सेट में दो बैटरी लगती हैं. पाँच ले जाकर क्या करूँगा?" मग ते बाबांकडे वळले. "भैया, आप बोलो. आपके मुँह से सुनूँगा."

बाबांनी ती देऊन टाकली असती, तर मी काही म्हणू शकले नसते. दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं, नाव त्यांचं.

"मैंने तो इसे छुआ भी नहीं, रामसेवकजी," बाबा म्हणाले. "जिसने उठाया है, वही बोलेगी."

मी टेस्टर घेतला. दोन टोकदार पाय आणि वर काटा असलेलं ते यंत्र प्रत्येक घरावर दाबून धरलं की बॅटरीला खरं ओझं उचलायला लावतं. पहिलं घर, काटा स्थिर. दुसरं, स्थिर. तिसऱ्यावर दाबलं तसा काटा क्षणभर उभा राहिला आणि सरळ खाली आला, आणि त्या घराच्या बुचाच्या भोकातून फसफसून फेस वर आला. रामसेवकजी वाकून बघत होते. फेसाचा एक शिंतोडा त्यांच्या धोतरावर उडाला. ते मागे सरकले.

"यह जयमाला के बीच में बैठ जाती," मी म्हणाले.

"हओ," ते म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "पर अब मैं क्या करूँ, बिटिया?"

मी आत गेले. आमच्या घरात एक बॅटरी होती, वीज गेली की स्वयंपाकघरातला दिवा आणि बाबांचा रेडिओ तिच्यावर चालायचा. मी कोणाला न विचारता तिच्या तारा सोडल्या आणि ती उचलली. आई चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं, फक्त एवढंच म्हणाली, "कंदिलाची काच पुसून ठेवते." ती बॅटरी मी रामसेवकजींच्या टेम्पोत सहावी म्हणून ठेवली.

ग्यारशीच्या संध्याकाळी अंगणात तुळशीभोवती उसाचा मांडव घातला. आई पूजा करत होती आणि माझं लक्ष सगळं सिहोऱ्याकडे. तिथे काय वाजतंय आणि काय बसतंय, कळायला मार्ग नव्हता. बाबा शेजारी उभे होते. "आता विचार करून काय होते?" ते हळूच म्हणाले. "चलो, प्रसाद घे." मी घेतला, पण गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामसेवकजींचा टेम्पो आला. मी दारातच उभी. ते उतरले ते हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी घेऊन. बाबांना नमस्कार केला, पण पिशवी माझ्याकडे दिली. "तीनों जगह बिदाई तक बजा, बिटिया. एक मिनट नहीं रुका." मग बॅटऱ्या उतरवल्या, परत चार्ज करायला. त्या माझ्या पायांपाशी ठेवल्या. मी शिंगाडे घेऊन आत पळाले आणि आईच्या गळ्यात पडून रडले. आनंदानंच रडले, हे आता सांगायला हरकत नाही. आई म्हणाली, "बाजूला हो, अ‍ॅसिडचे हात लावू नको पातळाला."

त्यानंतर लोक येतच राहिले. सिहोऱ्याकडचे तर यायचे आणि विचारायचे, "वह बिटिया कहाँ है, जिसने रामसेवक की बैटरी रोक ली थी?" बॅटरी चालवून दाखवली याचं नाव झालं नाही, रोखून धरली याचं झालं. बाबा खुर्चीत बसून असायचे. कोणी सवयीनं त्यांच्यापुढे बॅटरी ठेवली की ते गळ्यातला हात जरासा उचलून दाखवायचे, "हाथ नहीं चलता भैया, उधर दिखाओ." माणूस नाइलाजानं माझ्याकडे यायचा. मी बुचं उघडायची, नळी लावायची, आणि घेतो किंवा नाही घेत, ते सांगायची. मधे एकदा बाबा दवाखान्यात जाऊन आले. आल्यावर म्हणाले की डॉक्टर म्हणतात हाड सावकाश जुळून राहिलं आहे, अजून वेळ लागेल. मला वाईट वाटलं, म्हणून मी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे.

लग्नाचा मोसम निम्मा उलटून गेला होता. एका दुपारी मी सोड्याचा डबा घ्यायला घाईनं मागे गेले आणि दारातच थांबले. अंगणात बाबा विहिरीवरून भरलेली बादली आणत होते. उजव्या हातानं. गळ्यातली पट्टी काढून खांद्यावर टाकलेली होती, आणि मनगटाभोवती प्लास्टर नव्हतंच, नुसता पांढऱ्या कापडाचा गुंडाळा. मी तशीच मागे सरकले आणि स्वयंपाकघरात आईला धरलं.

"आई, बाबांचा हात…"

"हळू बोल," आई म्हणाली. "केव्हाच बरा झाला. प्लास्टर काढून आले त्या दिवशीच मला म्हणाले, जुन्या धोतराची पट्टी फाड आणि बांधून दे पहिल्यासारखं. मी म्हटलं, काहून? तर म्हणाले, मी मोकळ्या हातानं बसलो, तर लोक माझ्यापुढेच बॅटरी ठेवतील. त्यांना जराशी सवय होऊ दे तिची."

बाहेरून कोणीतरी हाक मारली. मी डबा घेऊन दुकानात गेले. एक म्हातारा बॅटरी कडेवर घेऊन उभा होता. तेवढ्यात मागच्या दारानं बाबा आले, हात गळ्यात, चेहरा दुखऱ्या माणसाचा. म्हाताऱ्यानं बॅटरी त्यांच्यापुढे केली. बाबांनी मान हलवली आणि हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. मी म्हणाले, "इधर रखिए, बाबाजी, मैं देखती हूँ."